मूल कोणाकडे?
(रिद्धपूर येथे दिलेले भाषण)



फारकत झाली की वस्तीत म्हणतात, "मूल बापाचे." परंतु मूल म्हणजे वाटणीतले भांडे नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे १३ वे कलम मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहावे, असे ६ वे कलम सांगते. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. सबब धम्मदीक्षेमुळे कोणाचेही पालकत्व जात नाही. बाप मुलाकडे पाहतच नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली दिला.

आई माहेरी रिद्धपुरास असेल व मूल येथेच वाढत असेल, तर बाप मुंबईत असला तरी १८९० च्या कायद्याखालील अर्ज अमरावतीसच चालावयाचा.

मात्र ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याची माया तोडू नका. भेटीचे वार, सुट्ट्या, शाळेचा खर्च हुकूमनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. भेट नाकारली म्हणून पोटगी रोखू नका. दोन्हींत उपाशी राहते ते मूलच.