निरीक्षण आणि अनुमान



सहलीत सिंहगड चढताना निम्म्या वाटेत बसकण मारणारी मुलगी आज बर्फाच्या डोंगरांवर बोलणार, याचं तुम्हाला हसू येत असेल. हसून घ्या.

मी सिएटलला सॉफ्टवेअरचं काम करते आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी कॅस्केड पर्वतरांगेत स्कीवर भटकते. हिमस्खलन म्हटलं की आपल्याला 2016 चं सियाचीन आठवतं. आमच्या भागातही 1910 साली वेलिंग्टन या ठिकाणी बर्फाने आगगाड्या दरीत ढकलल्या आणि 96 माणसं गेली. पण आज भटक्यांचे बळी घेणारी बहुतेक स्खलनं त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सुरू केलेली असतात. खाली रवाळ साखरेसारखा सैल थर असतो, वर घट्ट लादी. 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजनही ती लादी सोडवायला पुरतं.

सिएटलचं नॉर्थवेस्ट ॲव्हलाँच सेंटर रोज धोक्याचा अंदाज देतं, 1 ते 5 अशा पायऱ्यांमध्ये. वारा, तापमान, नवा बर्फ हे यंत्रं कळवतात. पण अमुक उतारावर आतला थर कसा आहे, हे तिथे जाऊन खणल्याशिवाय कळत नाही. तज्ज्ञ मोजके आणि डोंगर अफाट. म्हणून आमच्यासारख्या हौशी लोकांनी पाहिलेलं कळवायचं असतं: जागा, उंची, उताराची दिशा, कोन, स्खलन किती मोठं, कशाने सुटलं. काहीच दिसलं नाही, तर तेही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही तिघं निघालो. चढताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि बर्फ किंचित खचला. आतला थर बसल्याची ही खूण पहिल्याच वर्गात शिकवतात. तिथूनच परतायचं असतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीन तास गाडी चालवून आलो होतो, ऊन सुंदर पडलं होतं. पुढे गेलो.

माझ्या मित्राच्या वर, हातभर अंतरावर, बर्फाला रेघ पडली. आवाज फारसा झालाच नाही. तो उतारासकट खाली निघाला आणि चाळीसेक मीटरवर कमरेपर्यंत गाडला जाऊन थांबला. आम्ही फावड्यांनी त्याला मोकळं केलं. गुडघा दुखावला, बाकी काही नाही. डोक्यावरून बर्फ गेला असता तर हाताशी दहा-पंधरा मिनिटंच होती.

घरी येताना तो म्हणाला, “हे कळवू नकोस. लोक आपल्याला मूर्ख म्हणतील.” मलाही तेच वाटत होतं. तरी रात्री लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, ‘अचानक बर्फ सुटला.’ ऑफिसात कुणी ‘प्रोग्रॅम अचानक बंद पडला’ असं कळवलं की मी चिडते, आणि इथे मी तेच करत होते.

तेव्हा आठवल्या आमच्या विज्ञानाच्या बाई. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे असत. अनुमान पाठ असल्यामुळे आम्ही निरीक्षणं त्याला जुळवून लिहायचो. बाई वही परत करायच्या: “तुला काय दिसलं ते लिही. काय दिसायला हवं होतं ते मला ठाऊक आहे.”

‘अचानक’ खोडलं. लिहिलं: ‘उत्तरेकडचा उतार, 36 अंश. त्याआधी वीस मिनिटं धप्प आवाज आला होता. तिघांनीही ऐकला. तरी पुढे गेलो.’ आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशीच्या अंदाजात उत्तरेकडच्या उतारांवरच्या कमकुवत थराचा उल्लेख होता. तो आमच्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही; आणखीही कुणी कळवलं असेल. मित्र मात्र दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण त्या दिवसाचा विषय आम्ही काढत नाही.

बाई समोर बसल्या आहेत, म्हणून एक जुनं निरीक्षणही आज कळवते. बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या प्रयोगात माझी तिन्ही वाचनं पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वहीतली होती. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि मान खाली घालून हसते आहे, त्यामुळे तिने ती कुठून घेतली असा प्रश्न आता मलाही पडलाय. वही आईकडे माळ्यावर आहे, बाई. तुमची सही परत हवी असेल तर उद्या आणून देते.