ग्रामसभेचा वकील



इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम जेथे होतो, त्या भामरागडच्या अरण्यात माडिया गोंडांची वहिवाट पिढ्यानुपिढ्यांची आहे. परंतु कागदावाचून हक्क न मानणाऱ्या कारभारात, आपल्याच रानातला बांबू तोडणारा मनुष्य १९२७ च्या वनकायद्यान्वये गुन्हेगार ठरू शकत होता. हा ऐतिहासिक अन्याय २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच मान्य केला, आणि येथील वकिलाच्या कार्याला नवे क्षेत्र लाभले.

हे कार्य न्यायालयाच्या पायरीच्या पुष्कळ अलीकडे सुरू होते. वृद्धांचा लेखी जबाब, स्मशानभूमी, देवस्थान, जुनी विहीर यांनाही या कायद्याचे नियम पुरावा मानतात. म्हणून माडियांनी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळाही वनहक्काच्या दाव्याच्या कामी साक्षीला उभ्या राहू शकतात. हे सारे टिपून घ्यावे, शिवाराची सीमा नकाशावर उतरवावी, ग्रामसभेचा ठराव करवावा, उपविभागीय समितीची पोच घ्यावी, आणि तेथे दावा नामंजूर झालाच, तर साठ दिवसांच्या मुदतीत जिल्हा समितीकडे दाद मागावी, असे हे चिकाटीचे काम आहे.

माडिया समाजातील पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी याच भूमीतले. विधिशिक्षण घेऊन ते ग्रामसभांच्या चळवळीत राहिले आणि २०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. जबाब देणाऱ्या वृद्धाची बोली आणि जबाब मागणारा कायदा, दोन्ही ज्याला आपलेसे आहेत, अशा वकिलाचे मोल तेथे फार मोठे आहे.

शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे, तेथेच लोहखनिजाचे उत्खनन चालले आहे, आणि परिसरातील ग्रामसभांनी आपला विरोध नोंदविला आहे. असा विरोध व्यर्थच जातो, असे कोणी मानू नये. ओडिशातील नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली, आणि २०१४ साली केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली.

गावाचा हक्क आणि वनाचे रक्षण या दोन निरनिराळ्या फिर्यादी नव्हेत. ज्यांचा निर्वाह वनावर आहे, त्यांच्या हाती ते राखण्याचा अधिकार असणे, हेच त्याचे खरे संरक्षण. म्हणून वकिलीची सनद घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या उमेदवारीची पहिली काही वर्षे त्यांनी अशा ग्रामसभांच्या सेवेत घालवावीत. कारण तेथे वेळेवर आणि नीट लिहिला गेलेला एक दावा अवघ्या गावाचे रान राखू शकतो.