मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

शाळामास्तराचें चरित्र सांगावयास घेतलें, तर त्यांत सांगण्यासारखें फारसें कांहीं सांपडत नाहीं, असा एक समज आहे. सेनापति लढाया जिंकतो, मुत्सद्दी तह करतो. मास्तर मात्र वर्षानुवर्षें तेच धडे देतो, आणि त्याच्या श्रमांना फळ आलेंच तर तें शिष्याच्या नांवावर जमा होतें. श्रोतेहो, आज ज्यांचें स्मरण करावयाचें ते सय्यद अब्दुल रहीम हे असेच एक शिक्षक होते. भारतीय फुटबॉल संघाचे मार्गदर्शक म्हणून ते ओळखले जातात, आणि २०२४ सालीं निघालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळें त्यांचें नांव पुन्हा घरोघरीं पोहोंचलें. परंतु त्यांच्या यशाचें मर्म मैदानापेक्षां शाळेच्या वर्गांत शोधावें हें अधिक बरें.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबाद येथें झाला. उस्मानिया विद्यापीठांत शिकत असतां ते तेथील संघांतून फुटबॉल खेळत. पुढें त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला, हैदराबादेंतील शाळांतून मुलांना शिकविलें, आणि शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेंतील खेळांची व्यवस्थाही आपल्याकडे घेतली. १९४३ मध्यें ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या देखरेखीखालीं नांवारूपास आला. हीं दोन्ही कामें त्यांनीं अखेरपर्यंत सांभाळलीं.

चांगला मास्तर मुलाची वही पाहून त्याची चूक नेमकी कोठें होते हें ताडतो, आणि तेवढाच अभ्यास त्याच्याकडून पुन:पुन्हा करवून घेतो. रहीमसाहेबांनीं हीच रीत मैदानावर आणली. त्या काळीं चेंडू पायाशीं खेळवीत एकट्यानेंच पुढें धांवणें व प्रेक्षकांची वाहवा मिळविणें यांत खेळाडूंना भूषण वाटे. ही खोड नुसत्या उपदेशानें जाणारी नव्हती. म्हणून त्यांनीं असे सामने भरविले, कीं ज्यांत चेंडू खेळवीत नेण्यासच मनाई. पायाशीं आला कीं तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे. दुसरे सामने असे, कीं ज्यांत फक्त दुबळा पायच वापरावयाचा. ज्याचा उजवा पाय तरबेज, त्याला डावा पाय चालविल्यावांचून गत्यंतरच राहात नसे. शब्दांनीं जें साधलें नसतें तें खेळाच्या नियमानें साधलें. शिष्यांची पारखही त्यांना तशीच होती. पुढें ऑलिंपिकपर्यंत पोहोंचलेला तुळसीदास बलराम हा सिकंदराबादकडील गरीब घरचा मुलगा. सरावाला येण्यास त्याच्याजवळ पैसे नव्हते, तेव्हां भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनीं दिले.

या शिकवणीचें फळ मुंबईकरांनीं कूपरेजच्या मैदानावर पाहिलें. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकाच्या स्पर्धेंत हैदराबाद पोलीस संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें विजय मिळविला. त्याच सुमारास, १९५१ मध्यें, दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत रहीमसाहेबांच्या हाताखालील भारतीय संघानें इराणला एका गोलानें हरवून सुवर्णपदक पटकाविलें.

परंतु पुढच्याच वर्षीं मोठी ठेंच लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. त्या थंड प्रदेशांत भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, आणि बचावाची पद्धतही जुनी, दोनच बॅक ठेवण्याची होती. या पराभवानंतर बूट घालणें सक्तीचें झालें. रहीमसाहेबांनीं हंगेरीच्या खेळाचा बारकाईनें अभ्यास केला, तिसरा बॅक आणला, मधल्या आघाडीच्या खेळाडूला थोडें मागें खेळविलें, आणि पुढें चार-दोन-चार ही नवी रचना शिष्यांच्या अंगवळणीं पाडली. नापास झालेल्या विद्यार्थ्याबरोबर मास्तरही पुन्हा अभ्यासाला बसले होते.

त्या अभ्यासाची परीक्षा १९५६ सालीं मेलबर्न येथें झाली. यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानें ४-२ असें हरविलें. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यानें त्यांत तीन गोल केले. भारत उपांत्य फेरींत पोहोंचला व अखेर चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें भारताला याहून वरचें स्थान कधींच मिळालेलें नाहीं.

शेवटची कसोटी १९६२ मध्यें जाकार्ता येथें लागली. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारताचे क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनीं आक्षेप घेतला होता, त्यामुळें तेथील जनता भारतीयांवर चिडलेली. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारताला दोन गोलांनीं हरविलें. बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम झाली. इकडे रहीमसाहेबांना स्वतःला फुफ्फुसाच्या कर्करोगानें ग्रासलें होतें. तशा स्थितींत त्यांनीं एक धाडस केलें : जखमी जर्नेलसिंगला मागच्या फळींतून काढून आघाडीवर धाडलें. ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामना पडला तो त्याच दक्षिण कोरियाशीं. सुमारें एक लक्ष प्रेक्षकांच्या हुर्योंत पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यानें केला, आणि दुसरा जर्नेलसिंगनें. भारतानें सामना २-१ असा जिंकला.

नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, रहीमसाहेब निवर्तले. खेळांतील गुरूंचा गौरव करणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्यें सुरू झाला; तोंपर्यंत त्यांना जाऊन बावीस वर्षें लोटलीं होतीं. जाकार्तानंतर आशियाई स्पर्धेंत फुटबॉलचें सुवर्णपदक भारताला मिळालेलें नाहीं, आणि १९६० च्या रोमनंतर भारताचा संघ ऑलिंपिकमध्यें उतरलेला नाहीं.

एका माणसाच्या जाण्यानेंच हें सारें घडलें असें म्हणणें इतरांवर अन्यायाचें होईल. जपान, कोरिया यांनीं खेळाची नीट व्यवस्था लावली व ते पुढें गेले, हेंही तितकेंच खरें. परंतु मुलाची चूक हेरून तिच्यावर बेतलेला सराव देणारा शिक्षक गांवोगांवच्या शाळांत असावा लागतो. तो राजधानींत एकदम निर्माण करतां येत नाहीं. रहीमसाहेब शाळेंतून आले होते. त्यांच्यासारखा दुसरा हवा असेल, तर त्याचाही शोध शाळांच्या मैदानांवरच घ्यावा लागेल. आणि त्यासाठीं तेथें आधीं मैदान, चेंडू व मन लावून शिकविणारा मास्तर हीं तिन्ही असावीं लागतील.