नव्या मोटारीचा विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुरणपोळीवर बोल म्हणाल्या असत्या तर एक वेळ धीर केला असता. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरी जे घडले तेच सांगा. यंदा आपल्या मंडळातल्या तीन घरी मोटार यायची आहे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

२०१९ च्या पाडव्याला आमच्या घरी मोटार आली. आमचे हे सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेबाला. बारा वर्षे साठवलेले पैसे आणि वर बँकेचे कर्ज, असा तो मेळ घातला होता. दुकानात पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन आमचा फोटो काढला. तिथून गणपतीच्या देवळापुढे नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. सगळे यथासांग केले. विम्याचा कागद मात्र कोणीच वाचला नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, सगळं कव्हर आहे." ह्यांनी तो बोट ठेवील तिथे सही केली. खर्च थोडा आवरा म्हटल्यावर त्याने यादीतल्या दोन ओळींवर काट मारली. चार हजार वाचले, म्हणून आम्ही आनंदाने किलोभर पेढे जास्त घेतले.

त्याच ऑगस्टमध्ये कृष्णामाईला पूर आला. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. मी सासूबाईंना आणि मुलांना घेऊन आधीच मिरजेला भावाकडे गेले होते. ह्यांनी मोटार पेढीजवळच्या एका उंच बोळात लावली. २००५ च्या पुरात तिथे पाणी चढले नव्हते, हा आधार. या वेळी चढले. पाणी ओसरल्यावर पाहिले तर निम्म्या दारांपर्यंत चिखलाची रेघ. ह्यांच्या जिवाचे पाणी झाले होते. "बघू तरी चालू होते का," म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झाले.

विमा कंपनीचे पाहणी करणारे गृहस्थ आले. भला माणूस होता. म्हणाला, "काकू, पुराचे पाणी गाडीत शिरून जे बिघडले ते विम्यात बसते. पण आत पाणी असताना गाडी चालू केली आणि इंजिन फुटले, तर ते पुराने झाले असे धरत नाहीत. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते." ती वेगळी ओळ म्हणजे आमच्या यादीतली काट मारलेली पहिली ओळ! इंजिनाचे अठ्ठ्याऐंशी हजार आमच्या अंगावर आले. बाकीच्या दुरुस्तीतही रबर, प्लास्टिक, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळाले. कारण अशा भागांची झीज निम्मी धरतात. ती झीज न धरण्याची सोय ही काट मारलेली दुसरी ओळ.

थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे त्यात गेले. मग माझ्या पाटल्या मोडल्या आणि तिची फी भरली. पाटल्यांचे दुःख फार दिवस राहिले नाही. पण हे महिनाभर जेवताना वर बघत नव्हते, ते मला सोसवले नाही. किल्ली काही त्यांनी हौसेने फिरवली नव्हती.

त्यानंतर मी आणि थोरली तीन रात्री तो कागद घेऊन बसलो. ती इंग्रजी वाचायची, मी वहीत मराठीत उतरवायची. त्या वहीतले, आणि पुढे विचारून जे कळले ते, आज सांगते.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक परक्या माणसासाठी. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कोणी दगावले, तर त्याची भरपाई विमा कंपनी देते. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे, आणि सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. रस्त्यावरच्या दूधवाल्याचा संसार उघड्यावर पडू नये, म्हणून ती सक्ती आहे. ती मला योग्यच वाटते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीचा : अपघात, चोरी, आग, पूर. हा सक्तीचा नाही आणि तो बहुधा एकच वर्षाचा असतो.

इथेच पुष्कळांची फसगत होते. कागदावर 'तीन वर्षे' दिसते आणि आपण निश्चिंत होतो. वर्ष उलटले की आपल्या गाडीचा विमा संपलेला असतो, आणि उरतो तो फक्त परक्याचा. म्हणून कागदावरच्या दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा आणि कालनिर्णयावर खूण करा. वर्षभरात काही मागणी केली नसेल, तर पुढच्या वर्षी आपल्या भागाच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. दर वर्षी ती वाढत पन्नासपर्यंत जाते. पण मुदत संपून नव्वद दिवस गेले की ती सगळी बुडते.

गाडीची किंमत विम्यात किती धरली आहे, तेही बघा. चोरी झाली किंवा गाडी पार मोडली तर तेवढेच हाती येते. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी ती किंमत उतरवून लिहीत असेल, तर ती बचत नव्हे.

आता खास आपल्या बायकांसाठी. गाडीच्या मालकासाठी पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. गाडी चालवताना मालकाचे बरेवाईट झाले, तर ते पैसे घरच्यांना मिळतात. त्या कागदावर वारसाचे नाव लिहायची जागा असते. आमच्या कागदावर ती कोरी होती! बोलायला अभद्र वाटते, पण नाव आहे का ते बघा. आणि हौसेने गाडी बायकोच्या नावावर घेतली, पण तिच्याकडे चालवण्याचा परवाना नाही, तर मालक म्हणून तो विमा तिला लागू होत नाही. आधी परवाना काढा.

परवाना नसलेल्या भाच्याला "घे एक फेरी" म्हणून किल्ली देऊ नका. घरच्या गाडीत पैसे घेऊन पंढरपूरला माणसे नेऊ नका. अशा वेळी काही झाले तर कंपनी हात वर करते. मागाहून गॅसची टाकी बसवली तर कंपनीला कळवा. दोन्ही किल्ल्या जपा; चोरी झाली तर त्या दाखवाव्या लागतात. आणि विमा दुकानातूनच घेतला पाहिजे, असा नियम नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आपण भाजी घेताना विचारतोच ना?

सगळ्यात शेवटी पाण्याचे. गाडी पाण्यात बुडाली तर किल्लीला हात लावू नका. इंजिनाचे संरक्षण घेतले असले तरी लावू नका. कारण अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी ओढून न्या.

हल्ली विम्याचा कागद घरी येत नाही, यजमानांच्या फोनवर येतो आणि तिथेच राहतो. तो मागून घ्या आणि छापून देवघराच्या फडताळात ठेवा. इंग्रजी येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. मी सातवी शिकलेली. मला तीन रात्री लागल्या. तुम्हाला एक पुरेल.

आमची मोटार अजून आहे. थोरली मिरजेला परिचारिका आहे आणि सुट्टीला ती मोटार तीच चालवते. पाटल्या परत झाल्या नाहीत, पण विम्याची तारीख आली की आता हे स्वतःच म्हणतात, "तुझी वही काढ."

ज्या तीन घरी मोटार यायची आहे त्यांनी पेढे जरूर वाटावेत. कागद वाचून झाल्यावर.