एका पैची चूक

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दौलताबाद मुक्कामी केलेल्या निरूपणाचा मजकूर)

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, दोन शब्द बोला, पुस्तकात छापायचे आहेत. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. संध्याकाळी हातात वीणा आणि सकाळी पाठीवर फवारणीचा पंप, एवढीच आमची विद्या. छापायचं म्हटलं की माणसाला चांगलं चांगलं बोलावंसं वाटतं. पण आम्ही आज आमच्या येडेपणाची गोष्ट सांगणार आहोत. ती या दिंडीच्या वहीत लिहिलेली आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तीही धरली पाहिजे.

त्याआधी समोरच्या किल्ल्याकडं बघा. जनार्दन स्वामी या देवगिरीचे किल्लेदार, मूळचे चाळीसगावचे. चाकरी सुलतानाची, चित्त दत्तात्रेयापाशी. पैठणचे नाथबाबा पोरवयात इथं आले. आई-बाप लहानपणीच गेलेले, आजा-आजीनं वाढवलेलं लेकरू, घरी न सांगता गुरूच्या शोधात निघालेलं. आता आपल्याला वाटतं, गुरूनं आल्या आल्या कानात मंत्र सांगितला असेल. स्वामींनी सेवा सांगितली. आणि हिशोबाच्या वह्या पुढ्यात टाकल्या.

पुढची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. हिशोबात एक पै जुळेना. सगळा वाडा झोपला, नाथबाबा दिवा घेऊन वही उलटीपालटी करत बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, बाळा, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

ही कथा आम्ही किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. लोक टाळ्या वाजवायचे, आम्हाला वाटायचं आपल्याला कथा कळली. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. नाथबाबांनी आपल्या कनवटीची एक पै त्यात टाकली असती तर हिशोब जुळला असता की हो! बेरीज बरोबर आली असती आणि रात्रभर झोपही मिळाली असती. फक्त चूक होती तिथंच राहिली असती. व्यवहाराला शहाणा असलेला माणूस हेच करतो. एका पैसाठी रात्र जाळणारा येडाच म्हणायचा.

आता आमचं ऐका.

२०१२ साली पाऊस रुसला, ते साल कुणी विसरलेलं नाही. मराठवाड्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून सरपण केलं. आमची सव्वादोनशे झाडं होती, लेकरासारखी वाढवलेली. पुढच्या उन्हाळ्यात बोअरला गुळणीभर पाणी राहिलं. टँकर आणायचा तर पैसा रोख पाहिजे. घरात रोख एकच होती, दिंडीची भिशी उरलेली, पत्र्याच्या डब्यात. खजिनदार आम्हीच. त्यातले सहा हजार आम्ही काढले. मनाशी म्हणालो, वारीच्या आधी परत ठेवू, पांडुरंग काय परका आहे?

टँकर ओतले. झाडं वाळायची ती वाळलीच.

वारी जवळ आली, वही वाचायची वेळ आली. आम्ही वहीत लिहिलं, "मृदंग दुरुस्ती व किरकोळ खर्च, ६,००० रुपये". बेरीज बरोबर आली. बैठकीत वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागं बसलेली एक आजी बोलली. दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालणारी, अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "महाराज, मृदंग तर मागल्या सालासारखाच बद बद वाजतुया."

लोक हसले. आजीच्या मनात काही नव्हतं, तिला वाटलं कारागिरानं फसवलं. पण आमच्या अंगाचा भडका उडाला. आम्ही तिला काय बोललो ते इथं सांगवत नाही. आम्ही कीर्तनकार, पंचक्रोशीत मान, आणि ही अडाणी म्हातारी आम्हाला हिशोब विचारते! बैठक तशीच मोडली.

गोरोबाकाकांच्या तेरच्या घरी संत जमले होते, ती कथा त्या रात्री आम्हाला आठवली. मुक्ताबाईनं विचारलं, काका, यातली मडकी कच्ची किती, पक्की किती? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणायला सुरुवात केली. बाकीचे गप बसले. नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. ज्याच्याशी देव बोलायचा, ज्याच्या हातचं जेवायचा, तो कच्चा! नामदेवराय रडत पंढरीला गेले, आणि देवानंही त्यांची बाजू घेतली नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं पाठवलं.

आम्ही दुष्काळाला देवाची परीक्षा म्हणत होतो. कीर्तनात ठणकावून सांगायचो, सोनं आगीत उजळतं, देव भक्ताला तावून घेतो. खरं सांगू का? दुष्काळानं आम्ही उजळलो नाही, नुसते वाळलो. वर आणखी वाटायला लागलं की एवढं सोसलं, म्हणून सहा हजारांवर आपला हक्कच आहे. आग लागली की मडकं भाजतंच असं नसतं, कुंभाराला विचारा. आव्यात बसावं लागतं. आम्ही उन्हात पडलो होतो आणि म्हणत होतो, भाजलो, भाजलो. थापटणं आजीच्या हातात होतं, आणि त्याच्या एका टोल्यात आमचा आवाज कळला.

चार दिवसांनी देवळात आमचं कीर्तन होतं. चालता चालता नाथबाबांची तीच कथा आली. "एक पै जुळेना" एवढं तोंडातून गेलं आणि पुढचा शब्द फुटेना. टाळकऱ्यांना वाटलं महाराजांना भोवळ आली. आम्ही वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, हात जोडले आणि सहा हजारांचं सगळं सांगितलं. आजी समोरच बसली होती. तिच्या पाया पडलो.

तुम्हाला वाटेल, मग लोक गहिवरले. काही गहिवरले. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी पारावर आमचं भजन केलं! आमच्या मेहुण्यांनी घरी येऊन सुनावलं, "दाजी, कुणाला कळलं नसतं. गपचूप भरायचे होते पैसे. येडे का खुळे तुम्ही?" मंडळीनं दोन दिवस अबोला धरला, कारण गोऱ्हा विकावा लागला. लासूर स्टेशनच्या बाजारात दुष्काळाच्या भावानं गेला, तरी सहा हजार फिटले. वही काढून घेतली गेली. त्या वारीत वीणाही मिळाली नाही. पैठणपासून पंढरपूरपर्यंत पाण्याची घागर घेऊन दिंडीच्या शेवटी चाललो. पुढं चालणाऱ्यांच्या पायांची धूळ मागच्याच्याच तोंडात येते, हे तेव्हा कळलं. पहिले चार मुक्काम फार जड गेले. पुढं पुढं पाणी वाढता वाढता माणसांची नावं कळायला लागली. वीस वर्षं त्यांच्यापुढं कीर्तन केलं, पण निम्म्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती.

वीणा तीन वर्षांनी परत मिळाली. वही मिळाली नाही, आम्ही मागितलीही नाही. आता कॉलेजातलं एक पोरगं हिशोब मोबाईलवर ठेवतं. पण जुनी वही देवळातल्या कपाटात आहे. त्या पानावर आमच्या हातची ओळ आहे, त्यावर काट मारलेली, खाली आमचा अंगठा आणि सही दोन्ही. शताब्दीनिमित्त वह्या नव्यानं बांधायला काढल्या तेव्हा एक जण म्हणाला, महाराज, हे पान काढून टाकू का? आम्ही म्हणालो, राहू दे.

ती आजी वारली. तिची तुळस आता तिची नात घेते. परवा या सोहळ्याच्या खर्चाच्या बैठकीत तीच पोरगी उठली आणि म्हणाली, साखर चाळीस किलो लिहिलीय, पोती तर मी स्वतः मोजली. कॉलेजातलं पोरगं आमच्याकडं बघायला लागलं. आम्ही म्हणालो, बाळा, बस. दिवा लाव, वही आण.

पुंडलिक वरदा हारि विठ्ठल.