घाटावर बसून काढलेले चित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यावयाचे झाले तरी माझ्या घशाला कोरड पडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु चिटणीसबाईंनी हट्टच धरला, की "तुम्ही चित्रांच्या स्पर्धेला गेला होतात, तिथे काय काय झाले ते जसेच्या तसे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा बोलण्यात काही अधिकउणे झाले तर पोटात घालावे.

२०२४ च्या डिसेंबरात आपल्या वाईला गणपती घाटावर जलरंगाची स्पर्धा झाली. घरी काढून आणलेले चित्र चालावयाचे नव्हते. सकाळी सात वाजता नाव नोंदवायचे, आपण नेलेल्या कोऱ्या कागदाच्या पाठीवर त्यांचा शिक्का मारून घ्यायचा, आणि आठ ते बारा एवढ्या वेळात घाटावर बसून समोर दिसेल ते रंगवायचे. दुपारी चित्रे दोरीला लावून परीक्षण आणि संध्याकाळी चार ते सहा विक्री. विक्रीतला पाचवा हिस्सा संस्थेचा.

मी यात कशी शिरले, हे थोडक्यात सांगते. आमच्या चिरंजीवांनी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. दहावीला जादा गुण मिळतात ना, म्हणून. गुण मिळाले आणि रंगांचा डबा फडताळात पडला. २०२० साली सगळे जग घरात कोंडले गेले तेव्हा फडताळ आवरताना तो डबा माझ्या हाती लागला. दुपारच्या वेळी मी त्यातून परसातली कर्दळ रंगवून पाहिली. कर्दळ काही जमली नाही, पण दुपार कशी गेली ते कळले नाही. तेव्हापासून अधूनमधून बसत असे. कोणाला दाखवीत नसे.

स्पर्धेचा कागद वाण्याच्या दुकानात चिकटवलेला पाहिला. घरी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "चार लोकांत घाटावर बसून चित्रे काढणार?" मी गप्प बसले. आमच्या आत्याबाई मात्र लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "दारात रांगोळी काढती, ती काय माजघरात काढती व्हय?" झाले, परवानगी मिळाली. पैसे मात्र मी भिशीतून आलेल्या रकमेतून घेतले. ते मिक्सरच्या दुरुस्तीसाठी ठेवले होते, हे आज प्रथमच बोलते आहे.

काय काय लागते, ते सांगते, कारण पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणाला जावेसे वाटेल. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो आणि पापडासारखा वेडावाकडा होतो. जलरंगाला जाड कागद हवा. दुकानदार त्याला तीनशे ग्रॅमचा म्हणतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागदाचे वजन तीनशे ग्रॅम भरते, असा त्याचा अर्थ. अख्खा ताव २२ इंच बाय ३० इंचांचा असतो. मी एक ताव घेऊन मधोमध कापला आणि दोन अर्धे केले. एक स्पर्धेसाठी, एक बिघडला तर असावा म्हणून. शिक्का मात्र एकाच कागदावर मिळतो, हे तिथे गेल्यावर कळले. ताव १९० रुपये, नळ्यांचा डबा ४४०, बारा नंबरचा गोल कुंचला २८०, प्रवेशाची फी ३००, चिमटे आणि इतर किरकोळ १००. एकूण १३१० रुपये. पाटी म्हणून सुताराकडून उरलेला प्लायवूडचा तुकडा नेला.

त्या दिवशी कृष्णेवर दाट धुके होते. ढोल्या गणपतीचे शिखर तेवढे वर दिसत होते, खालचे देऊळ नाहीच. घाटावर पन्नाससाठ मंडळी आली होती. कोणी पुण्याचे, कोणी कोल्हापूरचे, कोणाकडे तीन पायांचे स्टँड, घडीच्या खुर्च्या. मी आपली गोणपाट आणि तांब्या घेऊन. बहुतेकांनी देवळासमोरच्या जागा धरल्या. मी खाली, पाण्याजवळच्या पायऱ्यांवर गेले. तिथून देवळाची मागची भिंत दिसते. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले, तेव्हा मागची भिंत सरळ न घेता माशासारखी निमुळती केली. पुराचे पाणी तिच्यावर आपटत नाही, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. लहानपणी पावसाळ्यात आम्ही पोरी हे पाणी बघावयास उभ्या राहत असू. मला ती भिंत देवळाच्या पुढच्या बाजूपेक्षा अधिक आवडते. पुढून सगळेच काढतात.

जलरंगाची एक गंमत आहे, आणि तीच त्याची अडचणही आहे. यात पांढरा रंग म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, आणि फिक्याकडून गडदाकडे जायचे. पीठ सैल झाले तर वरून मूठभर पीठ घालून भागते; इथे एकदा काळे झाले की ते पांढरे होत नाही. आणि पाण्याचा सगळा खेळ वाळण्यावर. धुक्यामुळे माझा आकाशाचा पहिला हात अर्धा तास झाला तरी ओला. त्यावर मी घाईने शिखर काढावयास गेले, तर रंग फुटून आकाशभर पसरला. डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला बोलू.

शेजारी चित्रकला शाळेत शिकणारा एक मुलगा बसला होता. तो म्हणाला, "काकू, पाणी जास्त झालं. पाटी जरा उभी करा आणि कोरड्या कुंचल्यानं खालचं पाणी टिपून घ्या." तसे केले आणि शिखर धुक्यातले वाटू लागले. मग त्याने माझा दगडाचा रंग पाहिला. मी काळ्या नळीत पाणी घालून दगड रंगवीत होते. तो म्हणाला, "काळा नका घेऊ. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा." बर्न्ट सिएना म्हणजे आपल्या गेरूचाच थोडा भाजका भाऊ. निळ्यात तो मिसळला आणि काय सांगू, आपल्या घाटाचा ओला काळा दगड तांब्याशेजारच्या बशीत उभा! काळ्या नळीने तव्याची काजळी झाली होती.

मी त्याला डब्यातली मेथीची भाकरी आणि ठेचा दिला. खाता खाता मी त्याला सांगितले, की आमच्या माहेरी एक तसबीर होती, हातात दिवा घेतलेली, दिव्यावर हात धरलेली बाई. ते रविवर्म्याचे चित्र किती छान. तो हसला. म्हणाला, "काकू, पुष्कळांना तसंच वाटतं. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, आणि तेलरंगात नाही, जलरंगातच आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती." मी चाट पडले. त्या बाईच्या बोटांतून दिव्याचा लाल उजेड झिरपतो तो अशाच पाण्याने काढलेला! इतकी वर्षे त्या तसबिरीची धूळ पुसली, पण कोणी काढली हे विचारले नव्हते.

दहानंतर ऊन आले आणि उलटेच झाले. कुंचला टेकवायच्या आत रंग वाळू लागला. तेवढ्यात खालच्या पायरीवर एका आजींनी गोधडी आपटली आणि शिंतोडे उडून माझ्या नदीत पाच-सहा पांढरट फुले उमटली. आजी बिचाऱ्या म्हणाल्या, "अगं बाई, माझ्यामुळं!" मी म्हटले, "आजी, घाट तुमचा, मी पाहुणी."

पण मैत्रिणींनो, मी पाहुणी नव्हे, आणि हेच आज सांगावयाचे आहे. त्या पायऱ्यांवर माझी आई धुणे धुवीत असे. आमचे नव्हे, चार घरचे. आज इथे बसलेल्यांपैकी एखादीच्या सासरचेही असेल. खालून तिसऱ्या पायरीवर एक दगड एका कोपऱ्याला झिजलेला आहे, तो तिचा. मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात तिचा उजवा हात खांद्यापासून धरला, आणि जूनमध्ये शाळेऐवजी मी त्या दगडाशी गेले. आठवीत गेले असते तर मीही एलिमेंटरीला बसले असते. आई २०११ साली गेली. मंडळात येऊन मला नऊ वर्षे झाली, पण हे मी कधी बोलले नाही. कोणी विचारले तर "माहेर गावातच" एवढेच सांगत असे.

चित्रात त्या दगडाशी एक वाकलेली बाई काढली. हिरवे लुगडे, दोन बोटांएवढी. तोंड दिसत नाही.

दुपारी परीक्षक आले. माझ्या चित्रासमोर थांबून म्हणाले, "भिंत चांगली साधली आहे. पण बाई, पायऱ्या मोजून काढल्यात. मोजू नये, पाहावे." त्यांचे खरे असेल. पहिले बक्षीस कोल्हापूरच्या एका गृहस्थांना मिळाले. त्यांच्या चित्रात घाट जवळजवळ नाहीच, नुसते धुके, आणि ते पाहताना अंगावर काटा येत होता. त्यांना मिळाले ते योग्यच झाले. तरी मला वाटते, ज्या पायऱ्या डोक्यावर पाटी घेऊन चढलो उतरलो, त्या न मोजता कशा पाहायच्या?

खरी परीक्षा विक्रीची. प्रत्येकाने चित्राखाली किमतीची चिठ्ठी लावायची होती. मी १५०० लिहिले. ओळखीची एक शेजारीण आली होती, ती हसून म्हणाली, "वहिनी, एवढ्यात चांगली साडी येते की!" मी लाजून चिठ्ठी फाडली आणि ५०० लिहिले. तो मुलगा धावत आला, चांगलाच रागावलेला. "काकू, तुम्ही असं केलंत तर आमच्या चित्रांकडं कोण बघणार? कागदाचे तरी पैसे धरलेत का?" मला आपले पापड आठवले. लाटणाऱ्या हातांची मजुरी आपण भावात धरतच नाही, म्हणून प्रत्येक दिवाळीला "एवढे खपले आणि उरले काय" असे म्हणत बसतो. मी तिसरी चिठ्ठी लिहिली, २००० ची. लिहिताना हात कापत होता.

पाच वाजेपर्यंत कोणी फिरकले नाही. मग मुंबईच्या एक बाई आल्या. त्यांचे आजोळ वाईचे. त्यांनी मागची भिंत ओळखली, पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हजाराला देता का?" मी नाही म्हटले. त्या चार पावले गेल्या. त्या चार पावलांत माझ्या डोळ्यांसमोर मिक्सर उभा राहिला. त्या वळल्या, म्हणाल्या, "पंधराशे." आणि मी हो म्हटले. थोडे थांबावयास हवे होते की काय, ते मला अजून समजत नाही. रात्री वाटते, थांबले असते तर. सकाळी वाटते, बरे झाले.

पैसे देताना त्यांनी विचारले, "ही बाई कोण?" मी म्हटले, "घाटावरची आहे." माझी आई आहे, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. चित्र गुंडाळून गेले तेव्हा आठवले, की त्याचा फोटोदेखील मी काढला नव्हता. त्या मुलाने काढून ठेवला होता, त्याने पाठविला.

संस्थेचे ३०० जाऊन हाती १२०० आले. म्हणजे ११० रुपयांचा तोटा. घरी हिशेब सांगितला तर आत्याबाई म्हणाल्या, "रंग उरल्यात, कुंचला उरलाय, अर्धा कागद उरलाय. तोटा कसला?" ह्यांनी फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, हिरव्या लुगड्यापाशी थांबले, आणि काही न बोलता मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेले.

पुढच्या रविवारी मी उरलेला अर्धा कागद घेऊन पुन्हा त्याच जागी बसले. या खेपेस पायऱ्या मोजल्या नाहीत. चित्र पहिल्यापेक्षा कच्चे झाले आहे, आकाशही फुटले आहे, परंतु आई तिच्या दगडाशी आहे. ते चित्र बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहे. किमतीची चिठ्ठी लावलेली नाही. चहा घेताना जरूर पाहावे. मात्र हात ओले असतील तर जरा लांबून.