करवंटीचा कोळसा आणि नदीचे देणे

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्याकडे नारळाची करवंटी चुलीत जाते आणि आंब्याची कोय उकिरड्यावर. या टाकाऊ मालापासून रंगाचे पाणी स्वच्छ करणारा क्रियाशील कोळसा होतो, हे ऐकून आपणांस आनंद झाला, मलाही झाला. पण मी पडलो अर्थशास्त्राचा शिक्षक. खर्च कोणाचा, हे विचारल्याविना माझे समाधान होत नाही.

करवंटी मोजक्या हवेत जाळून कोळसा करतात व त्यावर सुमारे ९०० अंश सेल्सियसला वाफ सोडतात. कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. एका ग्रॅममधील या छिद्रांचे पृष्ठफळ १००० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते! रंगाचे रेणू त्याला चिकटतात. १९१८ साली अमेरिकेने विषारी वायूपासून सैनिकांना वाचविणाऱ्या मुखवट्यांसाठी पीचच्या कोयी जनतेकडून गोळा केल्या, त्या याच कोळशासाठी. युद्ध आले की सरकारला कोयीसुद्धा दिसतात.

मात्र हा कोळसा रंग नष्ट करीत नाही, केवळ धरून ठेवतो. विरघळलेले क्षार तर त्याच्या हाती लागतच नाहीत. रंगाने भरलेला कोळसा पुन्हा तापवून वापरावा लागतो. त्यालाही पैसा लागतो. तो वाचवायचा तर रात्री ओढ्याकाठी ओतणे सोपे.

घाटावरील इचलकरंजीचे उदाहरण घ्या. तेथील कापडप्रक्रियेच्या सांडपाण्याची झळ पंचगंगेला अनेक दशके लागली आहे. ही नदी पुढे शिरोळ तालुक्यातून नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. पाणी शुद्ध करण्याचा जो खर्च कापडाच्या किमतीत धरला जात नाही, तो काठावरची माणसे भरतात. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच खासगी उद्योगाच्या या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली देशाच्या कायद्याचा भाग मानले. तत्त्वाची उणीव नाही. आपल्याच जिल्ह्यात लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीविषयी दाभोळ खाडीच्या मच्छीमारांना किती वेळा ओरड करावी लागली, हे आपण जाणता.

काही उत्साही मंडळी म्हणतात, गावोगाव करवंटीच्या कोळशाची गाळणी बसवू. हेतू चांगला आहे. पण कारखान्याचा रंग गावाने स्वतःच्या पैशाने गाळावा, हे मला मान्य नाही. कोळसा येथील सहकारी संस्थांनी करावा, करवंटी वेचणाऱ्या बाईला तिचा भाव मिळावा आणि कोळशाचे पैसे कारखान्याने मोजावेत. वापरलेला कोळसा किती निघाला व कोठे गेला, याची वही मात्र खाडीवरच्या मच्छीमारालाही उघडून पाहता आली पाहिजे.